मिनिटाला तीन मीटर

लग्नाचा पलंग सोडून लाकडाचं दुसरं काही करून मागणारा माणूस आमच्या दमिएत्तात वेडा ठरतो. अर्ध्या इजिप्तच्या नवऱ्यामुली आमच्या गावच्या पलंगावर झोपतात. सकाळी खिडकी उघडली की आधी भुसा आत येतो आणि मग उजेड. मी इथंच जन्मलो, इथंच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे हे मला कळायला हवं होतं. तरीही मी एका सकाळी पलंग घडवणाऱ्या मुअल्लिम झगलूलच्या कारखान्यात गेलो आणि म्हणालो, "मला जनाजा करून हवाय."

झगलूलनं आधी आत कुणी गिऱ्हाईक आहे का ते पाहिलं, मग दार लोटलं, आणि मग माझा दंड धरला. "अल्लाह तुम्हाला उदंड आयुष्य देवो, उस्ताद लुत्फी, पण आवाज खाली! समोर बघा, तीन पलंग उभे आहेत. त्यांच्यासमोर असलं बोलतात?"

पलंगांना ऐकू येत नाही, हे मी त्याला सांगितलं. पण कारखानदाराला भूगोलाच्या मास्तरनं काही सांगावं आणि त्यानं ऐकावं, असं आमच्या गावात घडलेलं नाही.

जनाजा म्हणजे मशिदीतली चार दांड्यांची लाकडी पेटी. ती साऱ्या गल्लीची. माणूस तिच्यातून कबरस्तानापर्यंत जातो, कफनासकट मातीत उतरतो, आणि पेटी रिकामी परत येऊन मशिदीच्या कोपऱ्यात पुढच्याची वाट बघत बसते. आमच्या मशिदीतल्या पेटीची एक दांडी मोडलेली होती आणि ती सुतळीनं बांधली होती. माझी मंडळी गेली तेव्हा तिला त्याच पेटीतून नेलं, आणि ती पेटी कबरस्तानापर्यंत करकरत गेली. आमच्या घरात एक दार कधी करकरलं नव्हतं. बदक भाजलं की उरलेलं तेल ही बाई वाटीत काढायची आणि कापसाच्या बोळ्यानं सगळ्या बिजागऱ्यांना लावत फिरायची. अशा बाईला आम्ही करकरत नेलं. लोक कलमा म्हणत होते, रडत होते. मला फक्त ती करकर ऐकू येत होती, आणि मी मनातल्या मनात तिची माफी मागत होतो.

म्हणून ठरवलं की तिच्या नावानं मशिदीला नवा जनाजा द्यायचा. आणि त्यावर तिचं नाव कोरायचं: इन्शिराह.

हे नाव मी इथं किती सहज लिहिलं! गल्लीत ही सोय नाही. आमच्याकडे बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत. मुलं असली तर मोठ्याच्या नावानं ती 'उम्म अमका', म्हणजे 'अमक्याची आई' होते. आम्हाला मूल झालं नाही. त्यामुळे ती जन्मभर 'उस्तादांची मंडळी' राहिली, आणि तिचं नाव घेणारा या जगात मी एकटाच उरलो. मी गेलो की ते नाव संपलं. हा विचार मला जेवू देत नव्हता.

पहिली हरकत हाजी मुतवल्लींची. हाजी माझे समोरचे शेजारी, त्यांचं जाळीदार जिलबीचं दुकान. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं आणि ते गरमागरम मिळतं.

"बायकोचं नाव? उघड्यावर? उस्ताद, येणारा-जाणारा वाचेल!"

"वाचावं म्हणूनच कोरतोय, हाजी."

"अहो, माझ्या लग्नाला जन्म लोटला. आमच्या उम्म मसऊदचं नाव माझ्या सख्ख्या भावाला ठाऊक नाही!"

"भावाला नसेल. तुम्हाला तरी आठवतंय का?"

हे मी बोलायला नको होतं. त्यानंतर कित्येक दिवस माझ्या पुड्यात जिलबीचा फक्त चुरा पडत होता.

मी मशिदीचे इमाम शेख अब्दुलबारी यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि तोडगा काढला, "'उस्ताद लुत्फी यांच्या कुटुंबाकडून' असं लिहा."

"म्हणजे नाव माझंच. मी तर जिवंत आहे."

"धर्मात मनाई नाही, उस्ताद. मनाई गल्लीत आहे."

"मग ती कोण उठवणार?"

"मी इथं नवा आहे," शेख घाईघाईनं म्हणाले. "मला त्यात ओढू नका."

ही परवानगीच आहे असं मी धरून चाललो. झगलूलही शेवटी तयार झाला, पण अटींवर. काम शुक्रवारी करायचं, शटर अर्धं खाली ओढून. आणि कुणी विचारलंच तर हा बाक आहे असं सांगायचं. "ज्या टेबलावर नवऱ्यामुलींचे पलंग कोरतो त्याच टेबलावर हे," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "उद्या एखादीचा संसार मोडला तर तिची आई माझ्या दारात येऊन बसेल."

आता यंत्राबद्दल. पूर्वी नक्षी हातानं व्हायची, आता सीएनसीवर होते. दोन दारांएवढं टेबल, त्यावर आडव्या तुळईला लटकलेलं गरगर फिरणारं पातं, बाजूला भुशानं माखलेला संगणक. अक्षरं संगणकात घातली की पातं ती लाकडात उतरवतं. माणसानं फक्त तीन आकडे ठरवायचे. पातं किती वेगानं गरगरणार, किती वेगानं पुढं सरकणार, आणि एका फेरीत किती खोल जाणार. झगलूलला आकडे पाठ होते. रोमानियाचं बीच लाकूड असेल तर मिनिटाला अठरा हजार फेरे, तीन मीटरचा वेग आणि एका फेरीला तीन मिलिमीटर. त्यानं ते टाकले आणि बटण दाबायला बोट उचललं.

"थांब," मी म्हणालो. "एवढंसंच खोल? हे नाव टिकायला हवं. पंधरा मिलिमीटर जा."

"जाऊ की. पाच फेऱ्यांत."

"पाच कशाला? एकाच फेरीत जा. तिचं नाव काय हप्त्यानं घालायचंय?"

झगलूलनं माझ्या वयाकडे पाहिलं, माझ्या दुःखाकडे पाहिलं, आणि आकडा बदलला. पातं लाकडात घुसलं, किंचाळलं, नावातलं पहिलं अक्षर, अलिफ, निम्मंसुद्धा झालं नाही तोच ताडकन मोडलं. तुटका तुकडा माझ्या कानाजवळून गेला आणि एका पलंगाच्या उशागती कोरलेल्या हंसाच्या मानेत रुतला. त्यानंतर झगलूल जे बोलला ते त्यानं नंतर मागे घेतलं, म्हणून इथं लिहीत नाही. फळी मात्र वाया गेली.

पुढच्या शुक्रवारी नवी फळी, नवं पातं. या वेळी खोलीच्या बाबतीत मी शहाणा झालो होतो. पण वेगाचा आकडा बघून मला राहवलं नाही. "तीन मीटर? ही काय शर्यत आहे? हळू चालव. मिनिटाला हातभर."

"हळू चालवलं तर जळतं, उस्ताद."

"हळूनं कसं जळेल? घाईनं जळतं. नाईल नदीनं खडकात दऱ्या कोरल्या त्या काय घाईनं?"

नाईलवर मी इतकी वर्षं शिकवलंय की त्या विषयावर माझ्याशी वाद घालायची कुणाची छाती होत नाही. झगलूलनं वेग कमी केला. मी स्टूल ओढून टेबलाला टेकून बसलो.

खरं सांगतो, ती शुक्रवारची दुपार मला फार बरी गेली. पातं मुंगीच्या पावलानं सरकत होतं. आधी अलिफ, मग नून, मग शीनचे दाते, एक, आणि बऱ्याच वेळानं दुसरा. प्रत्येक दात्याला मला तिची एकेक गोष्ट आठवत होती. ती कांदा भरून बदक शिवायची तेव्हा दातात दोरा धरायची. नकाशे रंगवायला मला मदत करायची आणि समुद्र हिरवा रंगवायची, कारण निळा खडू आधी संपलेला असायचा. घरी गेलो तर काय होतं? खुर्च्या होत्या. इथं ती हळूहळू येत होती. मध्येच भाजक्या पावाचा वास आला. कुणीतरी न्याहारी करतंय असं मी समजलो.

"धूर!" दारातून हाजी मुतवल्ली ओरडले. नावाला त्यांची हरकत होती, पण सल्ला द्यायला ते हजर होते. "मेलं ते! जळलं! हात रेंगाळला की जिलबी करपते, एवढंही कळत नाही? फटाफट फिरवा, फटाफट!"

झगलूलनं लाल बटणावर थाप मारली. अक्षरांच्या कडा कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या. त्यानं रागानं मला समजावलं की पात्याला पुढं चावायला ताजं लाकूड लागतं. तो चावा तुकडा होऊन उडतो आणि आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातो. एकाच जागी रेंगाळलं की पातं नुसतं घासत बसतं, तापतं आणि जाळतं. घासून जळकं काढायला गेलो तर नावच पुसट व्हायला लागलं. दुसरी फळीही गेली. हाजी घरी जाताना शीळ घालत होते, हे मी विसरणार नाही.

तिसऱ्या शुक्रवारी मी तोंड बंद ठेवायची शपथ घेऊन आलो. अठरा हजार, तीन मीटर, तीन मिलिमीटर. झगलूलनं चहा मागवला. मी पेल्यात साखर घातली, ढवळली, वर पाहिलं, तर पातं उचलून बाजूला उभं होतं.

"काय झालं? बंद पडलं?"

"झालं, उस्ताद."

"काय झालं?"

"नाव झालं."

स्वच्छ, गुळगुळीत, गोरंपान नाव. शेवटच्या अक्षराची शेपटी इतकी सुबक, जणू तिनं स्वतः काढली असावी. चहाचा पहिला घोटही मी घेतला नव्हता. मला हर्ष व्हायला हवा होता, पण मी झगलूलवर भडकलो. "एवढ्यात कसं झालं? पुन्हा चालव!"

"कोरलेलं पुन्हा कसं कोरणार?"

मग मला रडू फुटलं. डोळ्यात भुसा गेला असं मी म्हणालो. सुताराच्या कारखान्यात ही सबब कुणीही मानून घेतं. पण भुसा नव्हता. ती सकाळी गेली आणि दुपारच्या नमाजानंतर मातीत होती. आमच्यात मेलेल्याला ताटकळत ठेवत नाहीत, ते योग्यच आहे. पण तिचा हात माझ्या हातातून सुटायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता. मला वाटलं होतं, निदान लाकडात तरी ती सावकाश जाईल. तिथंही चहा निवायच्या आत आटोपलं.

त्याच वेळी अर्धं शटर वर करून एक बाई आत आल्या. मन्सूराहून लेकीच्या पलंगासाठी आल्या होत्या. मागे ती लेक लाजत उभी. आमच्या गावात कोरीव फळी दिसली की ती पलंगाचीच, हे मन्सूराच्या बाईलाही पक्कं ठाऊक.

"अगं बाई, कसली अक्षरं!" त्या फळीवर हात फिरवत म्हणाल्या. "इन्शिराह! किती जुन्या वळणाचं गोड नाव. नवऱ्यामुलीचं?"

झगलूलचा चेहरा पांढरा पडला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याचं सगळं दुकान माझ्या जिभेवर ठेवलंय.

"हो," मी म्हणालो.

"तुमची कोण?"

"घरातलीच."

"मबरूक, मबरूक!" आणि त्यांनी तोंडाला हात लावून असा लांबच लांब आनंदाचा सूर काढला की रस्त्यावरची माणसं थांबली. "अल्लाह तिचा संसार सुखाचा करो!"

"बाई, तुमच्या तोंडात साखर पडो," मी कसंबसं म्हणालो. त्यांनी लेकीच्या पलंगावर अशीच अक्षरं हवीत म्हणून तिथंच ठरवून टाकलं. माझ्या इन्शिराहच्या वाट्याला कुणाच्या ध्यानीमनी नसताना दुसऱ्यांदा लग्नाचा आशीर्वाद आला. मी तो तिच्या वतीनं घेतला.

पेटी जुळली. पण मशिदीला दिलेल्या वस्तूची नोंद एका कचेरीत करावी लागते. तिथल्या कारकुनाला जनाजा नेमका कुठं बसवावा ते उमगेना. गालिचे, पंखे आणि ध्वनिक्षेपक यांची सोय होती.

"नवा आहे की वापरलेला?" त्यानं विचारलं.

"नवा."

"मग चालतो कशावरून? पंखा आला की आम्ही फिरवून बघतो. ध्वनिक्षेपक आला की हॅलो म्हणतो."

"हा कसा चालवून बघायचा?"

"ते देणाऱ्यानं बघायचं. माणसाएवढा भार घालून चौघांनी उचलला, असा इमामांचा दाखला आणा."

भार म्हणून मी हाजींकडे साखरेची पोती मागितली. "मेलेल्याच्या पेटीतली साखर पाकात घालू?" हाजी उसळले. "गिऱ्हाईकाला काय सांगू, जिलबी खा आणि फातिहा म्हण?" आणखी कुणी आडवं व्हायला तयार होईना. मग मीच कोट काढला आणि आत झोपलो. झगलूल, हाजी, शेख आणि गल्लीतला नाभिक अशा चौघांनी मला उचलून गल्लीतून एक फेरी मारली.

उभ्यानं इतकी वर्षं पाहिलेली गल्ली मी प्रथमच अशी पाहिली. दोन बाजूंच्या सज्ज्यांच्या मधून आकाशाची एक पट्टी, तिच्यावर वाळत घातलेले कपडे. पेटी जराही करकरली नाही. आणि मला वाटलं, तिनंही हेच पाहिलं असेल. मग आठवलं की तिचा चेहरा तर झाकलेला होता. तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

हीच चूक झाली. वरच्या सज्ज्यातून हाजींच्या बायकोनं, उम्म मसऊदनं, ते पाहिलं आणि हंबरडा फोडला, "अगं बायांनो, उस्ताद गेले हो!" गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या आणि आक्रोश सुरू झाला. बायकांना धीर द्यावा म्हणून मी पेटीत उठून बसलो. त्यानं काही उपयोग झाला नाही, उलट दोघीजणी बेशुद्ध पडल्या.

मी जिवंत आहे याची खात्री पटल्यावर उम्म मसऊद वरूनच खेकसली, "उस्ताद, एवढी हौस असेल तर आधी जेवून तरी जा! मुलूखियाची भाजी केलीय. तुमच्या मंडळींसारखी नाही जमली, पण पोटात ढकला!"

"आत जा, आत!" हाजी दांडी खांद्यावर घेऊन ओरडले. "सगळी गल्ली ऐकतेय!"

"ऐकू दे की! मेलेला माणूस उठून बसलेला चालतो, आणि मी बोललेलं चालत नाही?"

मी त्यांच्याकडे जेवलो. भाजी खरंच तिच्यासारखी नव्हती, पण मी दोनदा वाढून घेतली.

दाखला मिळाला, नोंद झाली, पेटी मशिदीच्या कोपऱ्यात उभी राहिली. त्यानंतर गल्लीत कुणी मरायलाच तयार होईना. नव्या पेटीत पहिला कोण, हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांत होता. म्हातारे काळजीनं गरम कपडे घालू लागले. साधी सर्दी झाली तरी लोक माझ्याकडे रागानं बघायचे. हाजी तर लांबच्या मशिदीत नमाजाला जाऊ लागले.

थंडी संपता संपता उम्म मसऊद गेली. छातीत कळ आली म्हणाली, चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि बसल्या जागी गेली.

ज्या हाजी मुतवल्लींचं मत कशावरही तयार असायचं त्यांना त्या दिवशी विचारलेलं कळत नव्हतं. मयत उचलली तेव्हा त्यांनी पुढची दांडी कुणाला दिली नाही. त्यांच्या मागची दांडी माझ्या खांद्यावर होती. पेटी निःशब्द चालली होती, म्हणून हाजी पुटपुटत होते ते मला ऐकू आलं.

"झालं, बहिया. आलंच आता, बहिया. वळण आहे, घाबरू नकोस."

बहिया कोण, हे मला क्षणभर कळलंच नाही. त्या बाईच्या हातचं मी इतकी वर्षं खाल्लं, आणि तिचं नाव मला तिच्या जनाज्यात कळलं. हाजींचा आवाज वाढत गेला. मागची माणसं ऐकू लागली, कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अल्लाह बहियावर दया करो," आणि मग सगळेच तसं म्हणू लागले. हाजींनी कुणाला अडवलं नाही.

काही दिवसांनी एका शुक्रवारी ते माझ्या दारात आले. "उस्ताद," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या पेटीची दुसरी बाजू कोरीच आहे ना?"

आम्ही स्क्रू काढून ती फळी सुटी केली आणि झगलूलकडे नेली. झगलूलनं बहिया हे नाव संगणकात घातलं, आकडे टाकले. अठरा हजार, तीन मीटर, तीन मिलिमीटर. मी स्टूल ओढून टेबलाजवळ ठेवलं. हाजी त्यावर बसले आणि कोऱ्या फळीवर पंजा ठेवून राहिले. झगलूलनं हळूच त्यांचा हात बाजूला केला.

"झगलूल," हाजी म्हणाले, "जरा हळू चालव रे. अगदी हळू."

"हाजी, हळूनं जळतं. तुम्हीच तर..." झगलूल बोलता बोलता थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"चालव हळू," मी म्हणालो. "दुसरी फळी मी आणतो."